हाडे : किंमत नाही

अलिबाग, गुरुवार ८ नोव्हेंबर १९२८

सकाळी हेडमास्तरांनी बोलावलं. सहावीचा चित्रकलेचा तासही मीच घ्यावा म्हणे. "तुम्ही हाडांची चित्रं काढताच की, मास्तर." वर हसले. शास्त्र, भूगोल, कवायत, आता चित्रकला. उद्या घंटाही देतील वाजवायला.

दुपारी व्हिएन्नाहून प्रो.चं पत्र. प्रबंध पुढच्या जूनच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर नाव कमी. वडील वारले म्हणून अर्धवट टाकून आलो त्याला तीन वर्षं झाली. म्हातारा तसा भला आहे. मी मोजत होतो तीच हाडं त्याने उसनी म्हणून पाठवली आहेत. गुहेतल्या अस्वलांचे पुढचे पंजे. नखांची हाडं ठेवून घेतली आहेत, माझा विषय मनगटाच्या जरा वरपासून बोटांपर्यंत, तेवढंच पेटीत. पेटी बोटीत चढली सुद्धा.

पदवी मिळाली तर मुंबईच्या कॉलेजात जागा आहे, तसा शब्द मिळालाय. न मिळाली तर जन्मभर 'एक दो, एक दो'.

पेटी "तुमच्या पत्त्यावर" पाठवली म्हणतो. मी अलिबागचा कळवलाय. रेवदंड्याला घरी आली तर संपलंच. समुद्र ओलांडला म्हणून आल्या आल्या मला पंचगव्य पाजणारं घर ते. तिथं हाडांची पेटी! घरी कुणाला बोललेलो नाही. बोलणारही नाही.


रेवदंडा, शनिवार १७ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपत आली. दादाचं (थोरला भाऊ, घराचा कर्ता, स्वतःच्या मते धर्माचाही) माझ्याशी दोनदा बोलणं झालं. एकदा विहिरीच्या रहाटाबद्दल, एकदा माझ्या लग्नाबद्दल. मुलीचे वडील विचारतात, "काय शिकलात?" काय सांगू? मेलेली अस्वलं.

दुपारी मागल्या अंगणात काकू सुपारी सोलत बसली होती. मी शेजारी. या घरात माझ्या अस्वलांची चौकशी करणारं एकच माणूस. म्हणाली, "आणलायस का रे तो दात? परत दाखव." ट्रंकेच्या तळाशी एक दाढ लपवून ठेवलीय, येताना खिशातून आणलेली. ती दिली तिच्या हातात. बोट फिरवून म्हणाली, "पाट्यासारखी सपाट झालीय."

सांगितलं. एवढं दांडगं जनावर, आजच्या अस्वलाच्या दुप्पट, पण दाढा दळायच्या. पाला, मुळं, गवत. जन्मभर दळून दळून दात हिरड्यांपर्यंत झिजले. ज्याचे असे झिजले तो म्हातारा होऊन मेला.

"म्हणजे आपल्यातलंच. शाकाहारी." आणि हसली. "आणि मरायला गुहेत कशाला जायचं?"

मरायला नव्हे, झोपायला. हिवाळाभर. ज्याच्या अंगावर पुरेशी चरबी नाही तो झोपेतून उठतच नाही. पुढच्या वर्षी दुसरं येऊन त्याच्या हाडांवर झोपतं. अशी हजारो वर्षं. लोकांना वाटलं प्रलयात बुडाली, कुणाला वाटलं राक्षसांची हाडं. प्रत्यक्षात एकेक, एकेक. आईच्या पोटाशी पिल्लाची हाडं, बोटाएवढी.

काकूने दाढ उजेडाकडे धरली. मग म्हणाली, "हे सगळं हाडावरून कळतं?"

"हाड काही लपवत नाही काकू. कुठं मोडलं, कधी भरून आलं, किती वर्षं दुखलं, सगळं त्याच्यावर असतं. बघायला यायला हवं एवढंच."

तिने दाढ परत दिली. सुपारीचा हात पदराला पुसून मग कपाळाचं कुंकू नीट केलं. ते कुंकू म्हणजे या गावातला एक प्रश्नच आहे. नारायणकाका लढाईत कारकून म्हणून बसऱ्याला गेला सोळा साली, शेवटचं पत्र सतराच्या माघात. मेलेल्यांच्या यादीत नाव नाही, परतलेल्यांच्या यादीतही नाही. सरकारला दादाने किती अर्ज केले. काकू तेव्हापासून ना सवाशीण ना विधवा. हळदीकुंकवाला बायका बोलावत नाहीत, आणि कुंकू पुसू देत नाहीत. विहीर, देऊळ, घर. तेवढंच तिचं जग. वाट बघणाऱ्या बाईने गाव सोडायचा नसतो.

रात्री जेवताना दादा म्हणाला, माघात बारा वर्षं पुरी होतात. शास्त्र आहे. पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचं, पुढचं सगळं रीतसर. स्वैपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. पडलं की टाकलं कोण जाणे.


अलिबाग, गुरुवार २९ नोव्हेंबर

प्रो.चा सिद्धांत पुन्हा वाचला. म्हणे या अस्वलांना शत्रू उरला नाही, खायला भरपूर, म्हणून वंश ऐषारामाने सडला. हाडांवरच्या गाठी, चिकटलेले सांधे, वाकडी बोटं ही सगळी त्या सडण्याची खूण. सुखाने बुडाले!

म्हाताऱ्याने कोकणातलं सुख पाहिलेलं नाही.

मी मोजत होतो त्यातल्या एका डाव्या पंजाची गोष्ट वेगळी आहे. मनगटाच्या वर जुना मोड, नीट बसला नाही, हाडाने स्वतःभोवती गाठ चढवली. सुपारीएवढी. शेजारची दोन हाडं एकमेकांना चिकटून एक झालीत. तसा मोड भरायला वर्षं लागतात. म्हणजे ते लंगडत लंगडत कित्येक हिवाळे जगलं, गुहेत चढून गेलं, झोपलं, उठलं, पुन्हा पाला शोधायला उतरलं. याला सडणं म्हणतात? हे मला लिहायचंय. प्रो.ला राग येईल. येऊ दे. पण त्याआधी पुन्हा मोजमापं हवीत, जुनी दोन ठिकाणी जुळत नाहीत.

पेटीचा पत्ता नाही. मुंबईला मित्राला कस्टमात चौकशी करायला लिहिलंय.


अलिबाग, शुक्रवार १४ डिसेंबर

इन्स्पेक्शन संपलं. तीन आठवडे घरी गेलो नाही.

संध्याकाळी मोटार-स्टँडवर रेवदंड्याचे सुपारीवाले मगनशेठ भेटले. मला बघून चेहरा पाडला. "अरे मास्तर, तमे इथे? तुमचा काका तर आला ने!"

मी विचारलं, जिवंत?

"ना रे भाई. अस्थी. सरकारने पाठवल्या, बोटीने. पेटीमां. दहन-विसर्जन बधा पण होऊन गेला. दादाने निरोप दिला होता ना तुमाला, मोटारवाल्याकडे?"

नाही. निरोप नाही मिळाला. मी मगनशेठला नमस्कार केला, दुःख झाल्याचा चेहरा केला. खरंच झालंही. काकाने मला पोहायला शिकवलं होतं.

खोलीवर येऊन दिवा लावल्यावर मग डोक्यात शिरलं. पेटी. बोटीने.

देवा, असं नसू दे.


रेवदंडा, शनिवार १५ डिसेंबर

तसंच आहे.

ओटीवर दादा, डोकं-मिशा तासलेल्या. मला बघून गळ्यात पडून रडला. बारा वर्षांत प्रथमच. "शेवटी आला रे काका घरी." पेटी कुठंय एवढंच विचारलं. गोठ्यात. पेंड भरून ठेवलीय तिच्यात.

वर व्हिएन्नाच्या टपालाचे शिक्के. प्रो.च्या कारकुनाने जुनाच पत्ता घातला, नावाच्या जागी नुसतं 'एन.' आणि आडनाव. मी नरहरी, काका नारायण. कस्टमाची इंग्रजी चिठ्ठी अजून चिकटलेली. पोस्टमास्तरांनी म्हणे सगळ्यांना अर्थ सांगितला : हाडे. किंमत नाही. वहिनी सांगत होती, ते ऐकून अंगणातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

दादाकडून तुकड्यातुकड्याने कळलं ते. कोयत्याने फळी उचकटली. आत भुसा, कागद, हातांची हाडं. हातच तेवढे. तोफेचा गोळा लागला असेल, बाकीचं वाळवंटात. हाडांवर शाईने आकडे, म्हणजे पलटणीचे नंबर. (माझ्या हातचे आकडे ते. माझ्या!) मोठी वाटली, पण काका धिप्पाड होताच. उपाध्ये म्हणाले, अशी वजनदार हाडं पाहिली नाहीत, परदेशच्या मातीचा गुण.

"आणि खूण पटली ना रे," दादा म्हणाला. "काकूनेच ओळखलं. काका लहानपणी माडावरून पडला होता बघ, डाव्या मनगटाच्या वर गाठ होती. तीच गाठ. तिने ते हाड उचललं आणि खालीच बसली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. हाड काही लपवत नाही, काकू. बघायला यायला हवं.

हाडं पंचगव्याने धुतली. स्मशानात नेली. पेटेनात. लाकडं संपली, पुन्हा आणली, काळी पडली पण पेटेनात. दादा कौतुकाने सांगतो, "पहिल्यापासून हट्टी." कशी पेटतील? त्यांच्यातलं जळायचं ते वीस-तीस हजार वर्षांपूर्वीच संपलंय. दगड जळतो का?

मग निम्मी खाडीच्या तोंडाला सोडली. निम्मी नाशिकला न्यायला फडक्यात बांधून वाडीतल्या आंब्याला टांगलीत, अस्थी घरात नकोत म्हणून. माघात जाणार.

काकूला पाहिलं ते संध्याकाळी. विधवेचं तांबडं आलवण. पदर कपाळापर्यंत. त्याच्याखाली काही नाही.

एकोणतीस साल उजाडतंय. पुण्या-मुंबईला बायका केस राखून राहतात. मी ओरडलो दादावर. तो म्हणाला, "मी नाही, तिनेच न्हाव्याला बोलावलं. विचार हवं तर."

नाही विचारलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "आलास नरू? जेवलास का?"


रेवदंडा, रविवार १६ डिसेंबर

सकाळी कोळीवाड्यात. पांडू नाखव्याच्या होडीतून विसर्जन झालं. तो मासळी वाळत घालत होता. म्हटलं, पांडू, कुठं सोडलीत ती? जाळं टाकून काही वर येईल का?

त्याने हातातली बोंबलाची दोरी खाली ठेवली. "काय म्हंताव मास्तर?"

पुन्हा म्हटलं. हाडं हवीत मला.

"चुलत्याला परत काढतां? बारा वर्सांशी घरा आला तो. आमी नारल दिला त्याला, होडी उभी केली, हात जोरलं. खाडीनं घेतला. त्यो न्हाय आता वर येत." मग जरा हळू, "आमचं लोक त्या अंगाला जालं पन टाकीत न्हाय, दिवस होय तवर. तुमी शिकलेलं मानूस, तुमीच आसां बोल्लां तं..."

बायकोला काहीतरी सांगितलं त्याने. ती माझ्याकडे वेडा बघावा तशी बघत राहिली.

मोठ्या अस्वलाचा अख्खा उजवा पंजा आणि आणखी काय काय गाळात. तळाला चिखल हातभर असेल. आणखी तीस हजार वर्षांनी कुणी काढलं तर लिहील, कोकणात गुहेतली अस्वलं होती, आणि ती नारळ खात.

हसू आलं. कोळीवाड्यात सुतकी माणसाने हसणं बरं दिसत नाही.


रेवदंडा, रविवार २३ डिसेंबर

दादाला सांगितलं. सुचेना कसं सांगावं, म्हणून सरळच सांगितलं. पेटी माझी होती. अस्वल.

आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग प्रो.चं पत्र दाखवलं. त्याला इंग्रजी येतं तेवढं. दोनदा वाचलं. खाली बसला.

"मी अस्वलाला पिंड दिला?"

मी पत्र घडी करून खिशात घातलं.

"पण कावळा शिवला रे! लगेच शिवला! वडिलांच्या वेळी दुपार झाली होती, आठवतं? आणि या वेळी पिंड ठेवायचा अवकाश..."

यावर माझ्या शास्त्रात उत्तर नाही.

मग तो उठला, आणि एकदम नेहमीचा दादा झाला. "कुणापाशी बोललास तर याद राख. उद्या गावाला काय सांगू? श्राद्ध घातलं ते जनावराचं? आणि तिचं काय? केस परत लावणार आहेस? कुंकू लावून उभी करणार आहेस तिला पुन्हा, माघापर्यंत?"

म्हटलं, निदान आंब्यावरचं गाठोडं मला दे. गाठीचं हाड त्यातच आहे. माझी तीन वर्षं आहेत त्यात दादा. माझी नोकरी आहे.

"ते तिच्या नवऱ्याचं आहे," म्हणाला. पत्र वाचून झाल्यावर. डोळ्यांत डोळे घालून.

मग विहिरीवर जाऊन पुन्हा आंघोळ केली त्याने. थंडीची.

वाईट याचं वाटतं की तो चुकलाय असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं बोललो तर काकू पुन्हा अधांतरी, तीही बोडक्या डोक्याने, गावाच्या हसण्याचा विषय होऊन. गप्प बसलो तर मी कवायतीचा मास्तर. आणि मला, खरं लिहायचं तर, माझ्या कवायतीचंच जास्त वाईट वाटतं. असा आहे मी.


अलिबाग, सोमवार ३१ डिसेंबर

ताप. शाळा बंद. हेडमास्तर चुलत्याच्या समाचाराला आले. "सरकारने आठवण ठेवली हे विशेष." हो म्हटलं. चहा केला.


रेवदंडा, रविवार ६ जानेवारी १९२९

दादा चौलला गेला होता. सकाळी कॅलिपर, टेप आणि कागद घेऊन वाडीत गेलो. दिवसाउजेडी, चोरासारखा. गाठोडं उतरवलं, आंब्याखाली पंचा पसरून हाडं मांडली. काळी झालीत, दोन तडकलीत, पण माप घेता येतं. गाठीचं हाड सुरेख राहिलंय. आत जळलेली बाजू फुटलीय तिथून गाठीचे थर दिसतात, झाडाच्या बुंध्यासारखे. आधी हे दिसतच नव्हतं! स्मशानाने केलेलं काम प्रो.ला कापल्याशिवाय जमलं नसतं. पटापट चित्र काढलं. थरांवर थर. भरत होतं, पुन्हा दुखावत होतं, पुन्हा भरत होतं. माझंच खरं. सडलेलं नव्हतं ते, झुंजत होतं.

किती दिवसांनी आनंद झाला. अस्थींपुढे उकिडवा बसून आनंद!

मान वर केली तर काकू. हातात दुर्वांची परडी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

कॅलिपर हातातच. ती रागावली नाही. जरा अंतर सोडून खाली बसली. आता तिला कुणी हाक मारत नाही, कामं थोडी, वेळ पुष्कळ.

"माप घेतोस?"

"हं."

"घे." मग थोड्या वेळाने, "तुला वाचता येतं ना हाडावरचं? मग सांग मला. फार हाल झाले का?"

मी त्या हाडाकडे बघत राहिलो. खोटं बोलायला मला कधी जमलं नाही, म्हणून तर लग्न जमत नाही. म्हटलं, "ही गाठ जुनी. कित्येक वर्षांपूर्वीची. दुखत असणार, थंडीत जास्त. पण हिच्यामुळे नाही मेला. हात वापरत होता शेवटपर्यंत."

"मग कशाने?"

"झोपेत. बहुतेक झोपेतच. थंडी होती, पोटात काही नव्हतं. झोपला तो उठला नाही."

शब्दन् शब्द खरा आहे. माझ्या प्रबंधात असंच आहे.

काकू दुर्वा निवडत राहिली. मग म्हणाली, "बसऱ्याला एवढी थंडी असते?"

"असते," म्हटलं. "वाळवंटात असते. पहाटेला."

तिने मान हलवली. आणि एकेक हाड उचलून फडक्यात ठेवलं, मोठी खाली, लहान वर, मी ठेवतो तशी. गाठ तिनेच मारली. मी आंब्याला टांगलं.


अलिबाग, रविवार २० जानेवारी

प्रो.ला पत्र लिहायला बसलो. "हाडं सुखरूप" लिहिलं, फाडलं. "अपघाताने नष्ट" लिहिलं. कसला अपघात? "आमच्या कुटुंबाने त्यांचे यथाविधी अंत्यसंस्कार केले." हे मात्र अक्षरशः खरं आहे. हसेल म्हातारा. व्हिएन्नाभर सांगेल, बघा हे हिंदू. मग नोकरी नको, काही नको. फाडलं.

नवी मापं चांगली आहेत. एका पंजावर प्रबंध उभा राहील कदाचित. पण मूळ हाडं परत मागितली की


अलिबाग, बुधवार ६ फेब्रुवारी

प्रो.चं कार्ड. प्रबंध आणि हाडं दोन्ही जूनच्या आत हवीत. संग्रहालयाची नोंद आहे. खाली लिहिलंय, तुमच्या मतभेदाची वाट पाहतो आहे.

भला माणूस. तोच त्रास आहे.

तासाला मुलांनी विचारलं, गुहेतली अस्वलं मेली कशाने सगळी? सांगितलं, नक्की माहीत नाही. थंडी वाढली, पाला कमी झाला, माणूस गुहेत शिरला. एकाने म्हटलं, "म्हणजे घरातून हाकलली." गप्प बसवलं त्याला.


रेवदंडा, रविवार १० फेब्रुवारी १९२९

आज निघाली. दादा आणि काकू. बोटीने मुंबई, तिथून नाशिक. मुद्दाम आलो.

आंब्यावरचं गाठोडं उतरवायला दादाने मलाच सांगितलं. बहुतेक शिक्षा म्हणून, किंवा विश्वास म्हणून. बंदरापर्यंत मीच आणलं. वाटेत दोनदा मनात आलं, गाठीचं हाड तेवढं काढून घ्यावं. बाहेरूनही हाताला लागत होतं. एका हाताच्या अंतरावर माझी पदवी. नाही काढलं. चांगुलपणाने नव्हे. काकू शेजारून चालत होती म्हणून.

बारा वर्षांत ती पहिल्यांदा बंदरावर आली. सगळं बघत होती. वाळूवर ओढलेल्या होड्या, वाळत टाकलेलं जाळं, लांब उभी राहिलेली बोट. माणसं बाजूला होत होती, बोडक्या बाईचा अपशकुन नको म्हणून. तिला त्याचं काही वाटत होतं असं दिसलं नाही. मला वाटलं. चीड आली सगळ्यांची. पांडू तेवढा पुढे आला, पाण्यात उतरून होडी धरली.

दादा ट्रंका चढवत होता. मोठी ट्रंक काकूची. आठवडाभरासाठी एवढी कशाला म्हणून तो वहिनीवर खेकसत होता.

गाठोडं तिच्या हातात देताना मी पुटपुटलो, "काकू, तुला एक सांगायचं होतं." खरंच सांगणार होतो का? आता इथे बसून सांगता येत नाही.

ती म्हणाली, "डावे दोन होते रे नरू."

"काय?"

"पेटीत. डावे हात दोन होते. तुझा दादा भटजींना बोलवायला गेला तेव्हा मी मांडून बघितले. अंगठे एकाच बाजूला येत होते दोन्हींचे. एक मोठा, एक बारका." हळू आवाजात, सुपारी मोजावी तशी. "माणसाला दोन डावे नसतात एवढं कळतं मला."

खरंच दोन होते. एक नराचा, एक मादीचा. दादाच्या लक्षात आलं नाही. भटजींच्या नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही की कुणी मोजेल.

म्हटलं, "मग का? काकू, मग केस का..."

"माघात पानांच्या बाहुल्यावर रडायचंच होतं मला. त्यापेक्षा हाडं बरी. कुणीतरी होतं तरी ते."

दादाने हाक मारली. पांडूने तिला हात दिला नाही, लाकडी फळी आडवी धरली, तिच्यावर हात ठेवून ती चढली. गाठोडं मांडीवर.

मग ती गाठ? गाठ बघून खाली बसली ती? तेव्हा तिला खरंच काका दिसला, आणि मोजलं नंतर? की आधीच मोजलं होतं? विचारायला हवं होतं. होडी निघाली होती.

वहिनी परत येताना म्हणाली, आठवड्याने येतील दोघं.

दादा येईल.